पाचशे शब्दांत न बसलेला बाप

"वास्तू तथास्तु म्हणते," असं माझ्या घरात कुणी म्हटलं की माझं डोकं फिरायचं. अभद्र बोलू नये, घराची वास्तू ऐकत असते, ती "तथास्तु" म्हणते आणि बोललेलं खरं होतं, असं लोक मानतात. माझे यजमान गेले तेव्हा तेराव्याला आलेल्या एका बाईने मला कोपऱ्यात घेऊन विचारलं होतं, "घरात कोणी वाईट बोललं होतं का वं?" मी तिला तिच्या चपला दाखवल्या. मी इंग्रजीची शिक्षिका, सगळा जन्म मुलांच्या वह्यांतल्या चुकांना लाल गोल करण्यात गेला. बोलल्याने माणूस मरत असता तर माझ्या वर्गातली निम्मी पोरं जूनमध्येच संपली असती, इतकं मी त्यांना "मरा मेल्यांनो" म्हणत असे.

हे आधीच सांगून टाकते, कारण आता मी तशी राहिलेली नाही.

नोकरीची पहिली वर्षं मी उमरेडला काढली. तिथली माझी एक विद्यार्थिनी लग्न होऊन उमरेडलाच राहिली. दोन वर्षांपूर्वी दसरा झाल्यावर ती आपल्या मुलीला घेऊन एसटीने नागपूरला आली आणि माझ्या प्रताप नगरच्या घराची बेल वाजवली. हातात डाळिंबं, डोळ्यांत तोच वर्गातला धाक.

"बाई, पोरगी बारावीत आहे. तिले दगडाचं शिकायचं आहे म्हणते. मले तं काही समजत नाही बाप्पा. तुमीच पाहा."

दगडाचं म्हणजे भूगर्भशास्त्र. ते नागपुरातही शिकता येतं, पण पोरीच्या मनात बाहेरगावचं एक मोठं खाजगी विद्यापीठ भरलं होतं. तिथली प्रयोगशाळा तिने फोनवर इतक्यांदा पाहिली होती की कुठलं यंत्र कुठल्या खिडकीशी आहे तेसुद्धा ती सांगायची. निवडक मुलांना तिथे फी, राहणं, जेवण सगळं माफ. माफी मिळाली तर जाणार, नाही तर नाही, एवढं साधं होतं. त्यासाठी मार्क तर हवेतच, पण अर्जाबरोबर इंग्रजीत एक निबंधही हवा: तुम्हाला घडवणारा एखादा प्रसंग, पाचशे शब्दांत. त्याहून एक शब्द जास्त झाला तर त्यांचा संगणक अर्ज घेतच नाही.

निबंध म्हटल्यावर मी कंबर कसली. अहो, निबंध म्हणजे माझं माहेर.

पोरगी दर रविवारी सकाळच्या बसने यायची. पहिला मसुदा तिने एका दगडावर लिहिला होता. तिचे वडील उमरेडच्या कोळसा खाणीत डंपर चालवतात. ती पाचवीत असताना त्यांनी ड्यूटीवरून येऊन शर्टाच्या खिशातून एक काळपट दगड काढला होता आणि त्यावर पानाचा ठसा होता, शिरांसकट. "हे पान कोणाच्या झाडाचं?" असं तिने विचारलं, तर ते म्हणाले, "तेव्हा कोणाचंच नसन. माणूसच नव्हता ना." तो दगड ती वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आली होती. मी तो हातात घेतला, उलटा केला, टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "दगड ठीक आहे गं. पण यात रडू कुठे येतं?"

असं मी म्हणाले. अशी वाक्यं माणूस विसरत नाही, स्वतःची असली तरी.

मसुद्याच्या मध्यावर तिने दोन ओळींत एक प्रसंग उरकला होता. ती आठवीत असताना एका सकाळी खाणीतल्या मातीच्या ढिगाऱ्याची कड सुटली आणि दोन डंपर खाली गेले. कोणते, ते कुणाला सांगता येईना. वडिलांचा फोन लागेना. आई दारात गव्हाचं सूप मांडीवर घेऊन बसली ती संध्याकाळपर्यंत, आणि गव्हाला हात लागला नाही. मग दिवेलागणीला वडील कुणाच्यातरी गाडीवर बसून आले, कोपर खरचटलेलं, आणि म्हणाले, "चाय मांड वं."

"हा प्रसंग!" मी टेबलावर हात आपटला. "हा असा दोन ओळींत? अगं, घबाड आहे हे, घबाड!"

मग मी त्या पोरीला तो दिवस पुन्हा जगायला लावला. सूप कसलं होतं, शेजारणी काय म्हणाल्या, शाळेतून तुला आणायला कोण आलं. ती सांगत गेली आणि मी लिहीत गेले. लिहिताना माझं मलाच आवरेना. यजमान गेल्यावर मी वर्षभर त्यांच्या चपला दारातून हलवल्या नव्हत्या आणि सकाळी हात आपोआप दोन कपांचं पाणी ठेवायचा. ते सगळं त्या निबंधात उतरलं. दाराशी चपला. "आई अजूनही सकाळी दोन कपांचं पाणी ठेवते." पोरीने वाचलं आणि मान वर केली.

"मॅडम, हे आमच्या घरचं नाही."

"काहून? तुझी आई दोन कपांचं पाणी ठेवत नाही?"

"ठेवते. पण ते दोघं पितात."

"मग खोटं काय आहे त्यात?"

तिने कागद खाली ठेवला. मला स्वतःची हुशारी तेव्हा किती आवडली, काय सांगू!

निबंध फार लांबला. कापाकापी सुरू झाली. आधी दगड गेला. मग शाळा गेली. तरी शब्द जास्तच. शेवटी उरला तो शेवटचा परिच्छेद, वडील परत येतात तो. तो काढला की बरोबर पाचशेत बसत होतं, आणि शेवटचं वाक्य ते दोन कपांचं पाणी होत होतं. मी तो परिच्छेद काढला.

"मॅडम," पोरगी म्हणाली, "बाबा घरी येतात ते गेलं."

"शब्द बसत नाहीत."

"पण मग वाचणाऱ्याला वाटेल ना, की बाबा…"

"वाटू दे. आपण तसं लिहिलंय का कुठे? एक अक्षर दाखव खोटं."

तिने खरंच सगळं पुन्हा वाचून काढलं. खोटं अक्षर सापडलं नाही. तिने बटण दाबलं आणि अर्ज गेला. जाताना ती टेबलावरचा दगड वर्तमानपत्रात गुंडाळत होती, तेव्हा तिचे हात जरा हळू चालत होते. मी पाहिलं आणि दुर्लक्ष केलं.

बारावीचे पेपर संपत आले तेव्हा एका दुपारी पोरीच्या आईचा फोन आला. आवाज कुठल्यातरी विहिरीतून आल्यासारखा.

"बाई, पोरीले मेल आली आहे. मुलाखतीले बोलावलं. नागपुरातच आहे, सिव्हिल लाइन्सले."

"अगं, मग पेढे आण की!"

"त्याच्यात लिहिलं आहे, तुझ्या वडिलांच्या जाण्याचं आम्हाले फार दुःख झालं. मुलाखतीले आईले घेऊन ये." जरा थांबून ती म्हणाली, "कोणाचे वडील गेले बाई?"

तिला इंग्रजी मीच शिकवलं होतं, त्यामुळे तिला ते नीट समजलं होतं.

मी सगळं सांगितलं.  मग ती हळूच म्हणाली, "बाई, असं नाही लिहू. वास्तू तथास्तु म्हणते."

मी फाडकन बोलले. एवढी शिकलेली तू, भुतंखेतं काय पोसतेस, पोरीचं आयुष्य उभं राहतंय आणि तू वास्तू घेऊन बसलीस. मी हेही म्हणाले की, पाहिजे तर मी आत्ता मेल लिहून खुलासा करते, पण मग तुझी पोरगी खोटारडी ठरेल आणि जागा गेलीच म्हणून समज. ते खरंच होतं. म्हणून तर ते इतकं दुष्ट होतं.

फोन तिच्या नवऱ्याने घेतला. त्या माणसाशी मी आधी कधी बोलले नव्हते. खाणीत धूळ खाऊन बसलेला घसा, आणि बोलण्यात एक हसू.

"राहू द्या ना बाई. तिच्याकडं लक्ष नका देऊ. लेकराचं भलं होत असन तं मी चार दिवस मेलो तं काय बिघडते? तसा बी मले कोण ओळखते तिथं?"

"तसं नाही हो," मी म्हणाले.

"नाही कसं? मस्त हाय. मेलेल्या माणसाले ड्यूटी नसते." ते हसले, मग खोकले, आणि तो खोकला लवकर थांबला नाही.

त्या दिवसापासून मी वर्तमानपत्रात आधी उमरेडची बातमी शोधायला लागले. कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय, डोंबल?

मुलाखतीच्या दिवशी तिघंही सकाळी माझ्याकडे आले. मार्च सरत आलेला, नऊ वाजताच ऊन चटके देत होतं. वडील व्हरांड्यात खुर्चीच्या अगदी कडेला बसले, पाण्याची बाटली मांडीवर घेऊन. पोरगी उत्तरं पुटपुटत होती. आईने मला विचारलं, "बाई, बाथरूम कुठी आहे?"

आत गेली ती येईचना. मी दार ढकललं. ती आरशासमोर उभी होती. कपाळावरची मोठी लाल टिकली तिने काढून माझ्या आरशाच्या कोपऱ्यात चिकटवली होती. मंगळसूत्र काढून रुमालात बांधलं होतं. आता साबण लावून हातातल्या हिरव्या बांगड्या ओढत होती, आणि हात लालबुंद झाले होते.

"अगं, हे काय करून राहिलीस?"

"मग काय करू बाई? ते विचारतीन, नवरा मेला तं हे काहून? तुमीच सांगा, मी कपाळ कसं ठेवू?"

मला हे सुचलंच नव्हतं. खरं सांगते, देवाशप्पथ, पाचशे शब्द मी मोजले होते, पण निबंधातल्या त्या आईला कपाळ असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आरशात आम्ही दोघी दिसत होतो. नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली मी, कपाळावर काळी टिकली लावून. आणि नवरा व्हरांड्यात बसलेली ती, कोऱ्या कपाळाची.

"आजकाल बायका लावतात सगळं," मी म्हणाले. "माझ्याकडे बघ ना. राहू दे, लाव परत."

"तुमची गोष्ट वेगळी आहे बाई. तुमी शिकलेल्या. माह्यासारखीनं लावलं तं त्याह्यले खरं नाही वाटणार."

तेवढ्यात एक बांगडी तडकली. बांगडी फुटली असं आपल्यात म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. तीही सवयीने "वाढली" म्हणाली आणि मग एकदम भिंतीला टेकली. मनगटातून रक्ताचा एक बारीक थेंब आला. मी पुढे होऊन तिचे हात धरले. "बाकीच्या राहू दे," मी ओरडलेच, "पदर ओढून घे वरून. माय वं, बाकीच्या राहू दे!"

ती तशीच बाहेर आली. व्हरांड्यातून तिचा नवरा उठून उभा राहिला. त्याने तिच्या कपाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि परत तिच्याकडे. मला वाटलं आता हा माणूस सगळं उधळून देईल, आणि मनातल्या मनात मी त्याला विनवत होते की उधळ बाबा, एकदाचं उधळ.

"डोक्यावर पदर घे," तो म्हणाला. "ऊन हाय."

मुलाखत एका मोठ्या सभागृहाच्या मागच्या खोलीत होती. वडिलांना मी घरी थांबायला सांगितलं होतं, पण दुपारची उमरेडची बस धरायची, पिशव्या कोण सांभाळणार, म्हणून ते आलेच. फाटकासमोर रस्त्याच्या पलीकडे कडुनिंबाखाली उभं राहायचं, आत यायचं नाही, असं ठरलं. मी खोलीबाहेरच्या बाकावर बसून होते आणि खिडकीतून ते मला सारखे दिसत होते, बाटली धरून, एका जागी.

मायलेकी बाहेर आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर मुलाखत घेणारी एक बाई होती. मराठीच, बहुतेक पुण्याकडची, साठीच्या आसपासची. तिने आईचा हात दोन्ही हातांत धरला होता आणि तिचे डोळे ओले होते. "ताई, तुम्ही फार सोसलंत," ती म्हणत होती. "ते दोन कपांचं पाणी मी विसरू शकत नाही." आई खाली मान घालून उभी. दगडाबद्दल पोरीला कुणी काही विचारलं नव्हतं, हे तिने मला नंतर सांगितलं.

ती बाई बोलत बोलत आम्हाला फाटकापर्यंत पोचवायला आली. उन्हात येताच आईला भोवळ आल्यासारखं झालं आणि तिने फाटक धरलं. रस्त्यापलीकडून वडिलांनी पाहिलं. काय ठरलं होतं ते विसरून तो माणूस धावत आला, झाकण उघडून बाटली पुढे केली.

"पी," तो म्हणाला. "पी आधी."

त्या बाईने विचारलं, "हे कोण?"

मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी पोरगी बोलली. स्पष्ट, न अडखळता, मी शिकवलेल्या पद्धतीने समोरच्याच्या डोळ्यांत बघून.

"शेजारचे काका आहेत."

वडिलांचा बाटलीचा हात तसाच राहिला. मग त्यांनी एक पाऊल मागे घेतलं आणि बायकोला म्हणाले, "चाला वहिनी. बस निघून जाईन."

वहिनी! आपल्या लग्नाच्या बायकोला! त्या हाकेने ती अशी दचकली की बाटलीतलं पाणी तिच्या पदरावर सांडलं. परक्या बाईला त्यात काही वावगं दिसलं नाही. ती म्हणाली, "असे शेजारी हल्ली मिळत नाहीत."

त्या गडबडीत ते तिघं सरळ बसस्टँडला गेले. उमरेडला उतरताना कुणीतरी आईला तशीच, कोऱ्या कपाळाची पाहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी नात्यातल्या दोन बाया डोक्यावर पदर घेऊन रडत दारात हजर. दार उघडलं ते वडिलांनीच. मला हे त्यांनीच फोनवर सांगितलं, पोट धरधरून हसत. बायका म्हणे भूत पाहावं तशा मागे सरल्या. मीही हसले. फोन ठेवला आणि सकाळचं वर्तमानपत्र पुन्हा उघडून उमरेडची बातमी शोधली.

जागा मिळाली. सगळं माफ. पोरगी ऑगस्टमध्ये गेली. पोचवायला आई एकटी गेली, पुन्हा कपाळ कोरं करून. वडील नागपूरच्या स्टेशनापर्यंत आले आणि प्लॅटफॉर्मवरून परत फिरले. चार वर्षं त्यांना तिथे पाय ठेवता येणार नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. निबंध लिहिताना आलं नाही. निबंधात शेवट छान जमला होता ना.

आरशावरची ती टिकली तशीच आहे. तोंड धुताना ती बरोबर माझ्या कपाळाच्या उंचीवर येते. काढायला हात जातो आणि मागे येतो. मी, जिने तेराव्याला आलेल्या बाईला चपला दाखवल्या, ती मी कुणाच्यातरी नवऱ्याच्या नावाची टिकली काढायला घाबरते. माझं खरंखुरं दुःख मी एका जित्या माणसाच्या गळ्यात बांधलं, याची मला लाज वाटते, आणि लाजेहून जास्त भीती वाटते. उमरेडहून फोन आला की तीन-चार रिंगा होईपर्यंत मी तो उचलत नाही.

परवा, दिवाळीच्या तोंडावर, तसाच फोन वाजला. वडील होते. आधी मी देवाला नमस्कार केला, मग "बोला" म्हणाले.

"बाई, एक काम होतं. पोरीच्या कॉलेजवाले तिचा तो निबंध छापून राहिले, त्याह्यच्या पुस्तकात. बापाचा फोटो मागतात. ती म्हणते तुमच्याकडून पाठवा, इंग्रजीत चिठ्ठी लिहा लागते."

"बरं," मी म्हणाले.

"तं मी फोटो काढून आलो, स्टुडिओत. पांढरा शर्ट घालून. तुमच्या फोनवर टाकला. पाहा बरं, चांगला आला का?"

मी पाहिला. ताठ बसलेला माणूस, केसांना पाणी लावलेलं, दोन्ही हात गुडघ्यांवर. डोळे सरळ माझ्याकडे. फाटकाशी त्या मुलाखतवाल्या बाईने या चेहऱ्याकडे नीट पाहिलंही नव्हतं.

"चांगला आलाय," मी म्हणाले.

"तो स्टुडिओवाला म्हणे, कंप्युटरवर हार टाकून देऊ शकतो. मी म्हटलं, बाईले विचारतो आधी. टाकू का?"

"नको!" मी किंचाळलेच. "अहो, नको. असं बोलूसुद्धा नका."

 मागे कुठेतरी ट्रकचा भोंगा वाजत होता. मग अगदी साध्या आवाजात, मला अडचण होऊ नये म्हणून समजावल्यासारखं, ते म्हणाले, "पण नावाच्या आधी ते लिहा लागन ना बाई? मेलेल्या माणसाच्या लिहितात ते. लिहून टाका. पहिलं तं तुमीच लिहिलं होतं."

मी चिठ्ठी लिहिली. फोटो जोडला, त्यांचं नाव लिहिलं, आणि नावाच्या आधी तो शब्दही लिहिला, कारण न लिहिता पोरीची जागा राहिली नसती. मग बटण दाबलं. त्यानंतर मी घरभर फिरून सगळे दिवे लावले, भर दुपारी, आणि भिंतींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत राहिले, ते जिवंत आहेत, ते जिवंत आहेत, चांगले ठणठणीत आहेत.